दुसरी सुरी

फॉर्मवर बेचाळीस प्रश्न होते.
एकोणिसावा असा :
परधर्मीयांच्या हातचं मांस तुम्ही खाता का?
होय किंवा नाही. एकाच चौकटीत खूण.

मी अदिस अबाबाहून आलेला,
एक दिवस बसने, अर्धा दिवस खेचरावर,
खिशात चार पेनं
आणि उत्तरं घरूनच आणलेली.

असेलेफेच टेफ चाळत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या, "नाही."
पलीकडच्या उतारावर हाजी एन्द्रिस बैल सोडत होते.
तेही म्हणाले, "नाही. कशाला खाऊ?"
मी खुणा केल्या. दोन्हीकडे, जोर देऊन.
समासात बारीक अक्षरांत लिहिलं :
विटाळ मानतात.

रविवारी असेलेफेचच्या मुलीचं लग्न.
अंगणात दोन चुली,
एक बोकड बाभळीला, एक खांबाला.
बघा, मी मनात म्हटलं,
लग्नातसुद्धा पंगत मोडलीच.

तेवढ्यात असेलेफेच आत गेल्या
आणि मरियमच्या चित्राशेजारच्या कोनाड्यातून
कापडात गुंडाळलेली सुरी घेऊन आल्या.
तीस वर्षांत त्या सुरीने
त्यांच्या घरचा कांदासुद्धा चिरला नव्हता.
उजव्या कोपराला डाव्या हाताचा आधार देऊन,
मोठ्यांना देतात तशी,
त्यांनी ती एन्द्रिसना दिली.
एन्द्रिसनी पातं उजेडात धरलं.
"गंज चढलाय."
"तुम्ही आलाच नाहीत," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं.
मशिदीच्या कुंपणावरून, चर्चच्या पायवाटेवरून.
दगडही उचलले गेले होते म्हणे, एकाचा कान गेला.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
फॉर्मवर तसा प्रश्नच नव्हता.

एन्द्रिस दगडावर सुरी घासत बसले.
बराच वेळ.
ढोलवाले थांबले, नवरदेव थांबला,
एवढ्या गर्दीत फक्त तेवढाच आवाज.
मग इकडे बिस्मिल्ला झालं,
तिकडे पित्याचं आणि पुत्राचं नाव घेतलं गेलं.
दोन चुलींचे धूर वर जाऊन एक झाले
असं लिहायचा मोह होतो.
झाले नाहीत. वारा उलटा होता,
दोन्ही माझ्याच डोळ्यांत आले.

जेवायला बसले ते गुडघ्याला गुडघा लावून.
टोपल्या दोन, इंजेरा दोन.
झैनबाने, एन्द्रिसच्या बायकोने,
आपला घास तसाच हातात धरून
दुसऱ्या हाताने नवरीची घसरलेली ओढणी सारखी केली.
कॉफी मात्र एकाच भांड्यातली,
तिसऱ्या कपापर्यंत. तिसऱ्याला तिथे बरकत म्हणतात.

मी झैनबाला विचारलं,
मग हे वेगळं जेवणं की एकत्र?
ती हसली नाही.
"आमच्याही घरी त्यांची एक सुरी आहे.
पुसून ठेवते मी.
तुझ्यासाठी शहरात कुणी काय ठेवलंय?"

मी कुणाहीबरोबर काहीही खातो.
समोरच्या दारामागे कोण राहतं
मला ठाऊक नाही.

रात्री कंदिलापाशी फॉर्म काढला.
'नाही' तसंच ठेवलं. ते त्यांचं उत्तर होतं,
त्यांच्या तोंडचं, खरं.
समासातले दोन शब्द खोडायला घेतले.
शाई पक्की. नखाने खरवडत राहिलो,
कागद फाटला.

कचेरीत विचारलं,
इथे हे भोक कसलं?
म्हणालो, तिथे मी काहीतरी लिहिलं होतं.