पाव किलो रेती

माझ्या दुकानात आजवर कुणी रेती मोजायला आणली नव्हती.
शालू मोहुर्ले आली, कडेवर आचल,
सहा वर्षांची, पाय कैचीसारखे एकात एक अडकलेले,
आणि पदराच्या गाठीत नाल्यावरची धुऊन वाळवलेली रेती.
म्हणाली, भाऊ, पाव पाव किलो करून द्या जी.
मॅडमनं सांगतलं, जास्त नाही अन् कमी बी नाही.

साखरेचा चिकटा पुसून काटा कोरडा केला.
दोन पायांची दोन मापं.
जुन्या लुगड्याच्या काठाच्या पिशव्या, दुहेरी शिवण, बांधायला नाडी.
किती झाले, तिनं विचारलं.
गावात माझ्या काट्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे.
या मालात मात्र एक कण इकडचा तिकडे नाही.

त्यांच्या घराला ओटा नाही, माझ्या दुकानाला आहे,
आणि पाय लोंबते ठेवायला ओटाच लागतो.
म्हणून रोज शाळेच्या घंटेआधी इथंच,
दहा वेळा उजवा, दहा वेळा डावा.
गुडघा सरळ व्हायला लागला की तोंड वाकडं व्हायचं,
जीभ बाहेर, बोटं ताठ,
सगळं अंग त्या एका गुडघ्याच्या मदतीला धावायचं,
मयताच्या घरी गल्ली धावते तसं.
गिऱ्हाईकं थांबून मोजायची. सात. आठ.
गेडाम तेलाची बाटली इथंच विसरून गेला.

दिवाळीला अर्धा किलो.
धानाची मळणी आटोपली तेव्हा पाऊण.

मग सिंदेवाहीच्या दवाखान्यात
गडलिंग मॅडमनं मांडीला छोटं यंत्र लावून म्हटलं, ढकल.
आकडा जवळजवळ दुप्पट आला.
शालू हसली असेल तिथं. मला फक्त वही दाखवली.
खालच्या ओळीत दहा मीटर चालायचा वेळ होता, वॉकर धरून.
आधी एक्केचाळीस सेकंद.
आता चाळीस.

तिनं वही पालथी केली, तिच्यावर मिठाचा पुडा ठेवला.
मॅडम खोटं बोलली नाही, एवढं बरं.
म्हणे, ताकद पायात असते,
पण चल म्हणणारा निरोप डोक्यातून निघतो,
आणि मधली वाट जन्मतानाच खचली.
ताकद वाढवता येते. वाटेचं सांगता येत नाही.

मी दुकानदार.
या पारड्यात टाकलं की ते पारडं उठतं,
चाळीस वर्षं दुसरं काही पाहिलं नाही.
सहा महिने टाकले, एक सेकंद उठला.
हा कुठला काटा, बाप्पा?

चार दिवस ओटा रिकामा.
पिशव्या मी खिळ्याला टांगल्या, उंदरांच्या भीतीनं.
रेती कोणता उंदीर खातो, मलाच कळेना.

पाचव्या दिवशी शालू गूळ घ्यायला आली.
पोरीला ओट्यावर बसवून कमरेच्या पिशवीत सुट्टे शोधू लागली.
आचल ओट्यावरून घसरली.
पडली म्हणून मी अर्धा उठलो,
तर तिनं खिडकीचा गज धरलेला,
आणि गजाला धरून वर, वर,
टाचा अधांतरी, गुडघे शिवणयंत्रासारखे थडथडत,
उभी.
वॉकर घरी होता.
मोकळा हात काउंटरवर आला, बरणीचं झाकण सरकवलं,
लिमलेटची एक गोळी घेतली.
मी पाहतोय हे पाहिलं,
आणि आणखी एक घेतली.

चोट्टी कुठली! म्हणत शालूनं वळून पाठीत धपाटा घातला,
धाकट्या सुमितला घालते तसाच.
धपाटा बसला.
पोर बसली नाही.
मग कुठं शालूला कळलं की आपण उभ्या लेकीला मारलं.
ती माझ्याकडे बघत राहिली.

मी गूळ मोजत होतो.
किती मोजला, विचारू नका.