खरं

बाबा कारखान्यातून रिजेक्शनच्या स्लिपा आणतात,
गुलाबी, एका अंगानं कोऱ्या.
छापील अंगाला तारीख, हीट नंबर, नगाचं नाव
आणि खाली कारण: ब्लोहोल. कोल्ड शट. वाळू पडली.
कोऱ्या अंगाला माझे शब्द.
मिटिगेट. अ‍ॅम्बिग्युअस. सब्स्टॅन्शियल.
रोज बारा, रविवारी उजळणी.
एका बाजूला नापास झालेला पंप,
दुसऱ्या बाजूला मी, अजून न झालेली.

पिरनवाडीहून कॅम्पात जाणाऱ्या बसची पाटी कन्नड.
ती मी वाचत नाही, ओळखते,
शेजारच्या गंगव्वाला खोकल्यावरून ओळखते तशी.
सिव्हिलात रात्रपाळीला एकच पेशंट
कन्नडात कण्हतो, उर्दूत आईला हाक मारतो,
मराठीत पाणी मागतो.
मी चार्टवर लिहिते: स्टेबल.

फॉर्मवर रकाना होता, पहिली भाषा.
पहिली म्हणजे कुठली?
जिच्यात शिकले, जिच्यात रांगेत भांडते, की जिच्यात दचकते?
तरन्नुम म्हणाली, लिही की कायतरी,
फी तर इंग्रजीचीच भरालालोय.

लोबो मिस हिरव्या पेनानं तपासतात.
एका निबंधात आठ वेळा बट?
आठांभोवती आठ गोल.
मग यादी दिली:
हाउएव्हर, नेव्हरदलेस, नॉनदलेस, ऑल्बीइट,
नॉटविथस्टँडिंग.
शेवटचा आमच्या गल्लीएवढा लांब,
मधे दोनदा श्वास घ्यावा लागतो.

काय पाठ करालालीस गं?
बाबा मोरीत हात धूत होते.
नखांतली काळी वाळू निघत नाही, तरी रोज घासतात.
म्हटलं, 'पण'ला पाच शब्द.
पण कशाला? आपण खरं म्हणतोय की.

होय की.
येतो म्हणालता, खरं आला नाही.
पगार वाढला, खरं पुरत नाही.
नर्सिंगला पुण्यात गेले तेव्हा
होस्टेलच्या पोरी विचारायच्या, खरं काय? खरं काय?
आणि हसायच्या.
त्या वर्षी मी 'पण' शिकले.
म्हणजे यादीतला पहिला शब्द माझा
तेव्हाच पाठ झालेला.

तोंडी सरावाला चिठ्ठी निघाली:
घरातल्या कुणाचं कसब सांगा, दोन मिनिटं.
मी प्रोफिशियंट म्हटलं, मेटिक्युलस म्हटलं
आणि संपले.
अजून एक मिनिट चाळीस सेकंद उरलेले.
मग बाबाच आले तोंडात, कामाच्या कपड्यांत:
कोअर, रनर, रायझर, स्लॅग,
साच्यातली हवा निघून जायला तारेनं पाडलेली भोकं.
हवा आत अडकली तर वरून कळत नाही,
नग गुळगुळीत दिसतो,
कापल्यावर सापडते पोकळी.
मिसनी पेन खाली ठेवलं.
ही यादी तुला कुणी दिली?

कुणी नाही. ते चौथी शिकलेत.
हे शब्द इंग्रजी आहेत
असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही.

रात्री निबंध पुढ्यात घेतला.
बाबा नग टांगून हातोडीनं ठोकतात, कान देतात,
तसा एकेक शब्द ठोकून बघितला.
सब्स्टॅन्शियल बद्द वाजला, काढला.
मिटिगेट ठेवला. पेशंटचं दुखणं कमी करतो तो,
पुरतं घालवायचं वचन देत नाही.
अ‍ॅम्बिग्युअसवर अडले. त्या स्लिपेमागं कारणच नव्हतं,
नुसती सही.

परीक्षा एकवीस तारखेला, हुबळीला.
हीटर, गणवेश, डबा, सगळं नेहमीसारखं चाललंय घरात,
माझ्या जाण्याबद्दल कुणी काही बोलत नाही.
शेवटच्या परिच्छेदाच्या तोंडाशी
सुबक अक्षरात लिहिलं नेव्हरदलेस,
पुढं स्वल्पविराम दिला,
आणि ओठ न हलवता वाचलं,
खरं,