आग्नेयेचा वारा

बर्फ भुरभुरत होता, आणि वारा आग्नेयेचा.
वारा कुणीकडून येतोय, हे आमच्या गावात
पूर्वी फक्त मासेमार विचारायचे.
त्या आठवड्यात सगळेच विचारू लागले,
दूधपित्या पोरांच्या आयासुद्धा.

डोंगरापलीकडच्या शाळेच्या व्यायामशाळेत
बास्केटबॉलच्या जाळीखाली आम्ही चारशे अकरा माणसं.
मी नगरपालिकेचा कारकून.
माझ्याकडे वही, पेन्सिल आणि सुरू असलेला एकमेव फोन.

फोन वाजायचा.
ओसाकाहून कुणी बाई: ब्लँकेट पाठवू, की पैसे?
कुणी एक म्हातारा नुसताच रडायचा आणि ठेवून द्यायचा.
आणि एकजण ओरडला:
तुम्हीच ना बोलावलीत ती भट्टी गावात?
पोहण्याचा तलाव घेतलात, दवाखाना घेतलात,
तेव्हा गोड लागलं?
मी वहीत लिहिलं: दोन वाजून वीस, तक्रार.
तलाव छानच होता. निळ्या फरशीचा.
माझी मुलगी त्यातच पोहायला शिकली.
हे लिहिलं नाही.

दारात पांढऱ्या पोशाखातली दोन पोरं
प्रत्येकाच्या अंगावरून यंत्र फिरवायची,
डोक्यापासून तळव्यांपर्यंत, सावकाश,
दृष्ट काढावी तशी.
सोनोबे आजींच्या चपलांपाशी ते कुरकुरलं.
चपला पिशवीत गेल्या, पिशवी पिंपात.
"परत कधी मिळतील?"
"विचारून सांगतो," पोरगं म्हणालं.
आजी रोज सकाळी जाऊन विचारायच्या,
पायांत कुणाचे तरी बॅडमिंटनचे बूट.

खोकी येत राहिली.
चाळीस गमबूट, सगळे डाव्या पायाचे.
कुणाची तरी जुनी इस्त्री.
बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठी:
मी तिसरीत आहे. तुम्हाला कोणता रंग आवडतो?
यावर चारशे अकरा माणसांत
दोन दिवस वाद चालला.
इतकं बरं त्या आठवड्यात दुसरं काही झालं नाही.

मग पाणी संपत आलं.
टँकर निघाला होता, पण कोरियामाला थांबला.
चालक फोनवर म्हणाला, पुढे नाही येत मी,
घरी दोन लहान मुलं आहेत, माफ करा,
माफ करा, माफ करा.
मला राग आला नाही.
खोटं बोलतोय, आला.

मी कर्णा उचलला. जड वाहनाचा परवाना कुणाकडे?
कुणी हललं नाही.
मागच्या रांगेत, घडीच्या पुठ्ठ्यांआडून
तोगाशी बाई उठल्या. वय अडुसष्ट.
तीस वर्षं बंदरावर बर्फाची गाडी चालवलेली.
म्हणाल्या, "परवाना नोव्हेंबरातच संपलाय."
मी सरकारी माणूस.
म्हणालो, "काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

एका वार्ताहराची गाडी त्या बाजूला चालली होती,
तिच्यात बसून गेल्या.
रात्री दहाला वळणावर दिवे दिसले.
लोक बाहेर धावले, मग आठवण होऊन
तोंडाला रुमाल लावत पुन्हा आत.

बाई उतरल्या. सीटवर चालकाचे हातमोजे होते,
न उघडलेला जेवणाचा डबा,
आणि डॅशबोर्डला चिकटवलेला कागद:
दुसरा गिअर अडकतो. रागावू नका त्याच्यावर.
क्लच दोनदा दाबा.

त्यांच्या केसांपाशी यंत्र कुरकुरलं.
धुवावे लागतील, पोरगं म्हणालं.
धुवायचे कशानं, तर त्यांनीच आणलेल्या पाण्यानं.
"आधी त्या पोरांच्या दुधाला," बाई म्हणाल्या,
आणि टॉवेल बांधून
चिनीकागदासारख्या पांढऱ्या चेहऱ्यानं बाहेरच उभ्या राहिल्या,
वाऱ्याकडे पाठ करून.

आम्हाला वाऱ्यावर सोडलं, असं लोक तेव्हा म्हणायचे.
अजून म्हणतात. मीही म्हणतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन.
"गाडी पोचली का?"
पोचली, म्हटलं.
बराच वेळ नुसता श्वास.
मग अगदी हळू:
"दुसरा गिअर?"
"पडला," मी म्हणालो.
वहीत लिहिलं: चौकशी.