पोचा

तांबट आळीत ट्रक शिरत नाही,
म्हणून ते हातगाडीवर आलं, गोणपाटात गुंडाळलेलं,
चौघं ढकलत, पाचवा नुसताच ओरडत.
दोऱ्या सोडल्या. आत हिरवं चढलेलं एक पोटाळ भांडं,
सात हात घेर,
वर बगळ्याची मान, तीही वाकडी.

बरोबर पास्कू दांतस, वेंगुर्ल्याच्या खालचे.
"व्हिस्कीची भट्टी," म्हणाले. "आज्यापासून.
भट्टी नि समुद्र यांच्यामध्ये एक माड, बस."
मी म्हटलं, आमच्या घरात दारू चालत नाही.
"मी तांब्याचं विचारतोय," म्हणाले.

मग टिचक्या मारत गेलो, तळापासून वर.
किती उरलंय ते तांबं आवाजात सांगतं.
तळ बद्द. पोट ठीक. खांद्याला आवाज पातळ,
आणि मानेच्या वळणावर तर कागद.
तिथं वाफ वळते. अंगातलं गंधक
तांब्याला फासून आपण स्वच्छ होऊन पुढं जाते.
तीन पिढ्या हे भांडं दर उकळीला
स्वतःचं थोडं थोडं देत आलंय.
कुणाला, ते मी विचारलं नाही.

दुपारी भाकरी खाताना त्यांनी सांगितलं:
पहिली धार फेकायची, ती डोळे नेते.
शेवटची परत भांड्यात.
मधली तेवढी आपली.
"मधली सुरू कधी होते?"
"आजा कानानं ओळखायचा. बाप नाकानं.
मी घड्याळ बघतो," म्हणाले, आणि हसले नाहीत.
पिंपं वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात पडून असतात,
फळ्यांमधून वारा आत जातो, माल बाहेर उडतो,
दहा हंड्यांतला एक, दर उन्हाळ्याला.
आजा म्हणायचा, तो समुद्राचा खंड.
जमीन कुणाची आहे शेवटी.

खांद्यावर एक पोचा होता, तळहाताएवढा.
मी हातोडी उचलली, तर त्यांनी मनगट धरलं.
"तां तसांच रवांदे."
कुठल्याशा वादळात छपराचा वासा पडला होता त्यावर.
त्या सालापासून माल चांगला निघायला लागला,
असं बाप सांगायचा.
"बाप खोटं बोलायचा का?"
"बोलायचा की.
पण पोचा ठेवा."

ठेवा म्हणजे काय? खांदा तर मी कापून काढला होता.
नवा पत्रा खरवईवर घेतला, एकोणीस दिवस मठारला,
ठोक्याला खेटून ठोका, शेजारच्या चहावाल्यानं
माझ्या तालावर साखर ढवळावी इतका.
चाळीस वर्षं मी पोचे काढत आलोय:
लग्नातल्या घंगाळांचे, विहिरीत आपटलेल्या कळशांचे,
रागानं भिरकावलेल्या तांब्यांचे (ते जास्त).
पोचा घालायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

जुन्याचा ठसा ओल्या मातीत घेतला.
दोन दिवस हळूहळू दाबत बसलो, जमेना,
पोचा दिसे, पण लबाड दिसे.
तिसऱ्या दिवशी मोगरी घेतली, डोळे मिटले
आणि एकदाच हाणली.
वासा काही मोजून पडला नव्हता.

पावसाळ्यानंतर पत्र आलं, दोन ओळींचं.
मधली धार आली. जरा उशिरा आली, पण आली.
खाली: भांड्याची पोच मिळाली.
शब्द त्यांनी मुद्दाम वापरला की काय, कळलं नाही.

कापलेला खांदा माझ्याकडेच राहिला होता.
चिंच लावण्याआधी, कुणी बघत नाही असं पाहून,
मी त्याला जीभ लावली.
खारट.
इथून समुद्र किती जवळ, आणि आमची गोदा
त्याच्याकडे पाठ करून निघते,
अख्खा देश चालून दुसऱ्याच समुद्राला मिळते.

त्या पत्र्यातून गंगेच्या पाण्याचे दोन गडू निघाले.
रामकुंडावर भरून आणले, तोंडं झाळून बंद केली.
एक गेला जबलपूरला, एक कुठंतरी गुजरातेत,
देव्हाऱ्यात असतील, हळदीकुंकू लावलेले.
दोघांनाही मी काही बोललो नाही.
तांबं शुद्ध आहे का, एवढंच विचारलं त्यांनी.
आहे म्हटलं.