अंगठा

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
त्या पाण्यानं भरलेल्या निळ्या बॅरलमध्ये
अख्खा एप्रिल मी तोंड बुडवून बसायचो,
लेकीनं कुरिअरनं पाठवलेला मास्क लावून.
बायको म्हणायची, प्यायचं पाणी हाय ते.
समोरचा गड्डम म्हणायचा, म्हातारा उन्हानं गेला.

एकसष्ट वर्षांत पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी
म्हणजे सिद्धेश्वराचं तळं,
तेही काठावरून, फुटाणे खात.

शिरीषा वेगळी.
पोटापाण्याचं बघ म्हणालो होतो,
तिनं पाण्याचं आधी बघितलं.
आता अंदमानात एका बेटावर असते,
लोकांना हाताला धरून
समुद्राच्या तळाशी नेते, परत आणते.
पगार माझ्याहून जास्त.

मी टॉवेलच्या मागावर चाळीस वर्षं.
उजवा कान पूर्ण गेला, डावा अर्धा.
डॉक्टर म्हणाला, पडदा शाबूत आहे,
आतली वायर गेलीय. बुडायला हरकत नाही.

शेडमध्ये तसंही तोंडानं कोण बोलतं?
दोन बोटांची कात्री : धागा तुटला.
मूठ ओठाशी : चहा.
कपाळाला आडवा हात : शेठ आला.
अंगठा वर : झकास, चालू दे.
डबा घेऊन दाराशी उभी राहायची शिरीषा,
बाराखडीच्या आधी तिला ही भाषा आली.

होडीत तिनं समुद्राच्या खुणा शिकवल्या.
माझा डावा कान इंजिनाकडे होता.
मी मान हलवत राहिलो.

मग नाक दाबून कानांत फुंकर,
आणखी खाली, पुन्हा फुंकर,
आणि एका जागी
सगळेच माझ्याएवढे बहिरे.

काय सांगू?
कुणी ग्राफवर नकाशा काढला नव्हता,
कुणी कार्डं पंच केली नव्हती,
तरी दगडावर दगडभर वळणं,
एकही रिपीट नाही.
जाळीचा एक पंखा, माझ्या छातीएवढा,
नुसता ताणा, बाणा भरायचा राहिलेला.
हिरवा चोचीचा मासा प्रवाळ कुरतडत होता,
कडाकड,
आणि ते माझ्या अर्ध्या कानाला
आलं ऐकू.

पुढं एक पट्टा पांढराफटक.
ब्लीच करून वाळत टाकलेल्या हँकांसारखा.
मी बोट दाखवलं. तिनं फक्त हात हलवला.
(नंतर म्हणाली, पाणी तापलं की रंग सोडतं ते.
आमच्या डायहाऊसमध्ये
पाणी तापल्याशिवाय रंग धरत नाही.
हे मी तिला बोललो नाही.)

तेवढ्यात एक माकूळ आली,
तपकिरी, मग जांभळी, मग पट्ट्यापट्ट्यांची,
धोटा न बदलता.
मला राहवेना.
शिरीषाकडे वळलो आणि
अंगठा वर केला.

तिनं माझा काटा पाहिला, डोळे पाहिले,
स्वतःचा अंगठा वर केला,
माझा दंड धरला
आणि निघालो आम्ही, वर, वर, सावकाश,
माकूळ खाली बारीक होत गेली.

"काय झालं नान्ना? दम लागला?"
झकास म्हणलो की गं मी!
"खाली त्याचा अर्थ वर चला असा होतो."
अगं, पण तुला आपली भाषा येते ना?
"येते. पण खाली समुद्राचीच मानावी लागते."
मग हसायला लागली, इतकी,
की होडीवाला दोर घेऊन उठला.
माझी अर्धी टाकी हवा शिल्लक होती.

सोमवारी कामावर.
इस्माईलनं चौथ्या मागावरून विचारलं,
हात पालथा, मग उताणा : कसं होतं?
मी हात उचलले.
त्या पंख्याला खूण नाही आमच्यात,
माकुळीलाही नाही.
हात तसेच हवेत राहिले थोडा वेळ.
त्याला काय कळलं कुणास ठाऊक,
हसला, अंगठा वर केला,

आणि मी वर पाहिलं.
पत्र्याच्या भोकातून उन्हाची काठी,
तिच्यात कापूस तरंगत होता, खाली यायची घाई नसलेला.
मागं माझा धागा तुटला होता.
दोन बोटं
कुणीतरी कधीची दाखवत होतं.