काटे तिथेच

हामामात्सूहून लोंद्रीनापर्यंत
तीन विमानं, एक रात्रीची बस,
आणि तरी माझ्या बहिणीला
मनगटावरचे काटे हलवावे लागले नाहीत.
तिकडे दुपारचे तीन, तेव्हा ब्राझीलमध्ये पहाटेचे तीन.
"घड्याळाला काही कळलंच नाही बघ," नेउझा म्हणाली
आणि बोलता बोलता ताटावरच कलंडली.
गालाला भाताचं एक शीत चिकटलं.
आईने ते काढलं, पण तिला उठवलं नाही.

एकोणीस वर्षं तिने गाड्यांचे ब्रेक जोडले.
इकडे घराचं छप्पर झालं, माझा टेम्पो झाला,
आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं,
आणि दर नाताळला एक फोटो, ज्यात ती थोडी थोडी
दुसऱ्याच कुणाची तरी आत्या दिसू लागली.

आजोबा बोटीने आले होते, तिकडून इकडे, दोन महिने लागले.
दर दिवशी झोप बोटभर सरकली असेल,
त्यांना पत्ताही लागला नसेल.
हिला सवडच मिळाली नाही.

मग सल्ले.
औषधवाला वाल्दिर म्हणाला, सकाळचं ऊन डोळ्यांवर घे, काळा चष्मा नको.
समोरच्या झुलेमाबाईंनी पॅशनफ्रूटचा रस पाठवला, जगभर.
माझी बायको म्हणाली, दुपारी पडू द्यायचं नाही,
पंख्याखाली तर मुळीच नाही.
मी म्हणालो, परसात खणायला लावा.
तिने सगळ्यांचं सगळं ऐकलं.
अडीच वाजता मी पाहिलं तर
कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभ्या उभ्या झोपली होती,
तिकडून आणलेल्या पांढऱ्या बुटांवर
इथली लाल माती चढत होती.

तिसऱ्या रात्री, म्हणजे बाजाराच्या दिवशी,
मी नेहमीसारखा अडीचला उठलो.
स्वयंपाकघरात दिवा.
आई असेल म्हणून चिडूनच आत गेलो.
मनगटं गेली आहेत तिची, मे महिन्यापासून
पास्तेलचं पीठ मी एकटाच मळतो.

नेउझा होती.
बाह्या कोपरापर्यंत वर, पिठात बुडालेली.
बाबा घालायचे तसंच तिने
काशासाचं एक टोपण पिठात ओतलं, पुसत पुसत मला न विचारता.
पोळी लाटली ती अशी पातळ
की खालच्या फळीच्या रेषा दिसाव्यात,
कापल्या त्या कारखान्यातल्यासारख्या, एकाला एक.
"झोप येत नाही," ती म्हणाली,
"तिकडे आत्ता भर कामाची वेळ."

एकोणीस वर्षांत मला तिला जे जे विचारायचं होतं
ते सगळं तेव्हा तोंडाशी आलं.
बाबांच्या वेळी तू का नाही आलीस, हेसुद्धा.
मी म्हणालो, मीठ जास्त झालंय.
झालं नव्हतं.

तांबडं फुटायच्या आत कढई तापली.
गिऱ्हाईक आलं की ती कमरेत वाकायची,
तोंडातून जपानी निसटायचं, मग स्वतःच हसायची.
एक म्हातारी उलट वाकली, तितकंच खाली.
दहाच्या सुमाराला सुटे पैसे मोजता मोजता
आकडे तिच्या हातातून गळायला लागले.
शेजारच्या उसाच्या रसवाल्याने
लिंबू पिळून एक ग्लास पुढे केला, पैसे घेतले नाहीत.

असे चार बाजार झाले.
चार पहाटा आम्ही एका फळीवर काम केलं,
फारसं न बोलता. काल तिने एवढंच विचारलं,
शेवटी बाबा काही म्हणाले होते का.
मी म्हणालो, तेल बदला म्हणाले.
खरंच तेवढंच म्हणाले होते.

आज अडीचला स्वयंपाकघर अंधारात.
तिच्या दारातून घोरणं ऐकू आलं, संथ, इथलं.
बरी झाली.
मी दिवा लावला, पीठ चाळलं,
टोपणभर काशासा ओतली आणि उगाच दारा‍कडे बघत राहिलो.

मिठाच्या डब्याशी तिचा फोन थरथरला. काझुओ, तिचा मुलगा.
"मामा, तिकडे किती वाजले?"
"तुझ्या घड्याळात बघ, तेच."
"मग आईला दे ना."
"झोपलीय."
"झोपली?" तो म्हणाला. "भर दुपारची?"