बिजागरी

बाबांनी हे रान दिवाणखान्यासारखं झाडून ठेवलं होतं.
पडकी फांदी दिसली की सरपणात,
झुडूप दिसलं की कोयता.
उंच मेपलांखाली ऐसपैस बसून आम्ही सँडविच खायचो
आणि विस्कॉन्सिनभरची हरणं
शेजारच्या टोरगर्सनकडे जायची.

आता माझा भाऊ ऑर्लिन, वय एकाहत्तर,
जानेवारीच्या बर्फात गुडघाभर उभा राहून
छातीच्या उंचीवर करवत लावतो.
खोड पाऊण कापतो
आणि थांबतो.
थांबणं हीच काय ती कारागिरी.
झाड करकरतं, झुकतं, आडवं होतं,
पण सुटत नाही.
सालीची एक पट्टी त्याला धरून ठेवते,
बिजागरी दाराला धरते तशी.

"बाबांनी हा पसारा पाहिला असता तर?"
"शिव्या घातल्या असत्या,"
म्हणून तो पुढच्या झाडाकडे वळला.

मे महिन्यात मी पुन्हा आले.
आडव्या झाडांना पालवी फुटली होती,
कमरेएवढ्या उंचीवर,
नेमकी तोंडाशी.
गुंत्याखाली ग्राउज पक्षीण अंड्यांवर बसलेली,
ओल्या मातीत खुरांची जोडाक्षरं.

नोव्हेंबरात यातलंच एक तो मारणार आहे.
लपवत नाही; फ्रीझर रिकामा करून ठेवलाय.
तोवर रानसफरचंदाच्या रोपांना जाळ्या बांधतो,
हरणांसाठी लावलेली रोपं
हरणांपासून वाचवतो,
आणि स्वतःशीच हसतो.

मला टेकायला जागाच नव्हती कुठे.
सँडविच उभ्यानंच खाल्लं.
फांद्यांपलीकडे, हाताच्या अंतरावर,
आणखी कुणीतरी चावत होतं.